‘दऱ्या’ आणि ‘दर्या’: तयार अवजार बाजूला ठेवून नवे लिहिण्याची किंमत

काही वर्षांपूर्वी एका छोट्या मराठी नियतकालिकाच्या संकेतस्थळाचे काम माझ्याकडे आले होते. पहिल्या पानावर लेखांची शीर्षके ठराविक रुंदीच्या चौकटीत बसवायची होती, आणि शीर्षक लांब असेल तर पहिली चाळीस अक्षरे ठेवून पुढे तीन टिंबे द्यायची होती. काम किरकोळ वाटले, म्हणून चार ओळींचा कोड लिहून मी पुढच्या कामाला लागलो. दुसऱ्या आठवड्यात संपादक बाईंचा फोन आला. “अहो, स्त्रीशिक्षणावरच्या लेखाच्या शीर्षकात शेवटी नुसते ‘स्त्र’ दिसते आहे. वाचक विचारताहेत, हे काय छापलेत म्हणून.”

चूक कुठे होती, हे समजून घेण्यासाठी संगणक मराठी कसे साठवतो ते पाहावे लागते. वाचकाच्या लेखी ‘स्त्री’ हे एक अक्षर आहे. संगणकाच्या लेखी मात्र तिथे सहा वेगवेगळे संकेत एकामागून एक ठेवलेले असतात: स, पाय मोडल्याची खूण, त, पुन्हा पाय मोडल्याची खूण, र आणि शेवटी दुसरी वेलांटी. ‘क्षत्रिय’ हा तीन अक्षरी शब्द असेच आठ संकेत घेतो. मी ‘चाळीस अक्षरे’ म्हणत होतो आणि माझा कोड चाळीस संकेत मोजत होता. त्या शीर्षकात चाळिसावा संकेत नेमका ‘र’वर आला आणि वेलांटी बाहेर राहिली.

हा प्रश्न जगात पहिल्यांदा माझ्यापुढेच उभा राहिलेला नव्हता. मजकूर कुठे तोडला म्हणजे वाचणाऱ्याच्या दृष्टीने अक्षर अखंड राहील, याचे नियम युनिकोडच्या, म्हणजे जगातल्या लिप्यांतल्या अक्षरांना संकेत ठरवून देणाऱ्या मानकाच्या, २९ क्रमांकाच्या जोडपत्रात दिलेले आहेत, आणि ते नियम प्रत्यक्ष चालवणारी आयसीयू नावाची लायब्ररी आयबीएमने १९९९ मध्येच सर्वांसाठी खुली केली होती. लायब्ररी म्हणजे इतरांनी लिहून, तपासून ठेवलेला असा कोड, जो आपल्या प्रोग्रॅममधून नुसता हाक मारून वापरता येतो. माझ्या चार ओळींच्या जागी तिची एक ओळ पुरली असती.

प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या काळी ती लायब्ररीसुद्धा मराठीसाठी पूर्ण बरोबर नव्हती. तेव्हाच्या नियमानुसार ‘स्त्री’चे ‘स्’, ‘त्’ आणि ‘री’ असे तीन तुकडे पडत. वेलांटी व्यंजनापासून तुटत नसे, पण जोडाक्षर तुटू शकत असे. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ आवृत्तीत देवनागरी, बंगाली, गुजराती, तेलुगू अशा काही भारतीय लिप्यांसाठी नवा नियम जोडला गेला, आणि तेव्हापासून संपूर्ण जोडाक्षर एकच एकक मानले जाते. ज्यांनी तयार लायब्ररी वापरली होती, त्यांच्या संकेतस्थळांना ही सुधारणा नवी आवृत्ती बसवताच मिळाली. ज्यांनी माझ्यासारखा स्वतःचा कोड लिहिला होता, त्यांना असा नियम आला आहे हे कळण्याचेसुद्धा काही कारण नव्हते. तयार अवजार आज निर्दोष असते म्हणून ते वापरावे, असे माझे म्हणणे नाही. त्यातला दोष कोणीतरी एकदा दूर केला की तो सर्वांसाठी दूर होतो, हे त्याचे खरे मोल आहे.

प्रोग्रॅमिंगच्या व्यवसायात ही सवय फार खोल रुजलेली आहे. एखादे काम करणारे अवजार आधीच अस्तित्वात असते, पुष्कळदा फुकटही असते, तरी आपण ते पुन्हा मुळापासून लिहायला बसतो. ही तक्रारही जुनी आहे. ऑक्टोबर १९६८ मध्ये पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या विज्ञान समितीने सॉफ्टवेअरवर परिषद भरवली होती. तिथे डग्लस मॅकिलरॉय यांनी असे मांडले की, कारखान्यात जसे तयार सुटे भाग मिळतात तसे सॉफ्टवेअरचेही तयार, तपासलेले सुटे भाग मिळायला हवेत, म्हणजे प्रत्येकाने सगळे स्वतः घडवण्याची गरज उरणार नाही. आज असे सुटे भाग लाखांनी उपलब्ध आहेत. तरी सवय गेलेली नाही, आणि ती का जात नाही हे समजून घ्यायला मराठीच्या संगणकावरील वाटचालीइतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडत नाही.

१९८० च्या दशकात केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी एक सामाईक संकेतप्रणाली ठरवण्याचे काम हाती घेतले. तिचे नाव इस्की. १९८८ मध्ये तिची एक आवृत्ती निघाली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ती आयएस १३१९४ या क्रमांकाने राष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले जिस्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या तंत्रज्ञानाचे काम पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत आले आणि तिथे ते वाढले. इस्कीमागचा विचार सुंदर होता. ब्राह्मीपासून निघालेल्या आपल्या बहुतेक लिप्यांचा वर्णक्रम एकच आहे, म्हणून सर्वांसाठी एकच तक्ता पुरेल, हा त्यातला पहिला भाग. दुसरा भाग अधिक महत्त्वाचा होता: संगणकाने उच्चाराच्या क्रमाने मूळ वर्ण साठवावेत, आणि त्यांपासून जोडाक्षराचा आकार घडवण्याचे काम पडद्यावर दाखवताना किंवा छापताना वेगळ्या प्रोग्रॅमने करावे. ‘किती’ लिहिताना पहिली वेलांटी डोळ्यांना ‘क’च्या आधी दिसते, पण उच्चारात ती नंतर येते, म्हणून साठवताना ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर. युनिकोडने १९९१ च्या आपल्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच घेतली. आज आपण मोबाईलवर जे मराठी टंकलिखित करतो, त्याच्या मुळाशी तोच तक्ता आहे.

म्हणजे पाया तयार होता. मात्र नव्वदच्या दशकातील छापखान्यांत आणि कचेऱ्यांत वेगळेच घडले. त्या वेळच्या विंडोजमध्ये वर्णांपासून जोडाक्षरे घडवणारा भाग नव्हता. तो देवनागरीसाठी विंडोज २००० पासून आला. पेजमेकरसारख्या पाने जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरला फक्त इंग्रजी अक्षरे मांडता येत. यावर फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक युक्ती काढली. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले: एका जागी काना, एका जागी अर्धा भ, एका जागी रफार. कृतिदेव या फॉन्टमध्ये ‘किती’ लिहिले की कागदावर ‘किती’च उमटते, पण फाइलमध्ये प्रत्यक्षात एफ, डी, आर, एच ही चार इंग्रजी अक्षरे असतात. ‘भारत’ म्हणजे कॅपिटल एच, के, के, जे, आर. त्यातले कॅपिटल एच हे अर्ध्या भचे चिन्ह, पहिला के भचा दंड आणि दुसरा के काना.

त्या काळी ही युक्ती व्यवहार्य होती आणि तिच्यामुळेच मराठी डीटीपीचा, म्हणजे संगणकावर पाने जुळवण्याचा, व्यवसाय उभा राहिला, हे मी मनापासून मान्य करतो. ज्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी अंक काढायचा होता, ते विंडोज २००० ची वाट पाहत बसू शकत नव्हते. नुकसान झाले ते पुढच्या पायरीवर. ही युक्ती प्रत्येक फॉन्ट उत्पादकाने स्वतंत्रपणे, स्वतःच्या वेगळ्या तक्त्यानुसार पुन्हा रचली. एकाच्या फॉन्टमध्ये ज्या जागी ‘क’, तिथे दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये ‘ज’ किंवा अर्धा ‘ल’. मूळ मजकूर इस्कीत साठवून फक्त छपाईच्या वेळी आपापल्या तुकड्यांत रूपांतर करणे शक्य होते, पण बहुतेक ठिकाणी तुकड्यांचा मजकूरच मूळ प्रत म्हणून साठवला गेला. फॉन्ट बदलला की लेखाची अक्षरओळख पुसली जाई. पुढे वृत्तपत्रे इंटरनेटवर आली, तेव्हा प्रत्येक वृत्तपत्र वाचण्यासाठी त्याचा स्वतःचा फॉन्ट आधी उतरवून घ्यावा लागे, हे परदेशात राहून मराठी वाचणाऱ्यांना नक्की आठवत असेल. असे अंक संगणकावर असूनही त्यांत काही शोधता येत नसे, कारण शोधयंत्राच्या दृष्टीने तिथे मराठी नव्हतेच, निरर्थक इंग्रजी अक्षरांच्या ओळी होत्या.

त्या नियतकालिकाकडेही चौदा वर्षांचे अंक अशाच एका जुन्या फॉन्टमध्ये पडून होते. ते युनिकोडमध्ये आणायचे ठरले, आणि शीर्षकाचा अनुभव ताजा असूनही माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की या चिन्हाऐवजी ते चिन्ह असा एक तक्ता करू, शोधा आणि बदला, संपले काम. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते हेच. ‘मर्त्य’ हा शब्द घ्या. जुन्या फॉन्टमध्ये तो जसा दिसतो त्या क्रमाने साठवलेला असतो: म, अर्धा त, य आणि सर्वांत शेवटी वर बसणारा रफार. युनिकोडमध्ये मात्र रफार म्हणजे पाय मोडलेला र, आणि उच्चारात तो ‘त्य’च्या आधी येतो. तेव्हा रूपांतर करताना शेवटचा रफार उचलून ‘य’ ओलांडायचा, मग अर्धा ‘त’ ओलांडायचा आणि ‘म’च्या पुढे नेऊन ठेवायचा. ‘मूर्ती’मध्ये त्याला आधी वेलांटी आणि मग ‘त’ ओलांडावा लागतो. शिवाय जुन्या फॉन्टमध्ये रफार आणि अनुस्वार मिळून एकच चिन्ह असते, कधी रफार आणि दुसरी वेलांटी मिळून एक असते, आणि ऑपरेटरने घाईत एखादी मात्रा दोनदा मारलेली असली तरी छपाईत एकावर एक बसल्यामुळे ती कोणाच्या लक्षात आलेली नसते. साधा वाटणारा तक्ता हा प्रत्यक्षात शेकडो अपवादांचा संग्रह असतो, आणि प्रत्येक अपवाद कोणाला तरी ठेच लागल्यावर नोंदवला गेलेला असतो. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण सॉफ्टवेअरला तंतोतंत लागू पडते, फक्त मागच्याने पुढच्याच्या पायाकडे बघायला हवे.

मराठीचे काही अपवाद तर असे आहेत की, हिंदीसाठी देवनागरी हाताळणाऱ्यालाही ते सहज सुचणार नाहीत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यांना’ दक्षिणा देतात, ‘आचाऱ्यांना’ मजुरी. दोन्हींतला फरक फक्त ‘र’च्या रूपाचा आहे: पहिल्यात रफार, दुसऱ्यात आडवा, पापणीसारखा दिसणारा अर्धा र. हा र युनिकोडमध्ये लिहिण्याच्या दोन मान्य रीती आहेत. एक इस्कीपासून चालत आलेली, ज्यात खाली टिंब असलेल्या ‘ऱ’चा पाय मोडतात, दुसरी युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राखणारी, ज्यात साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतात. त्यातही ‘ऱ’ हा एकसंध संकेत म्हणून येऊ शकतो किंवा ‘र’ आणि खालचे टिंब असे दोन संकेत मिळूनही येऊ शकतो. पडद्यावर तिन्ही वेळा ‘दऱ्या’च दिसते. शोध घेताना मात्र एका रीतीने लिहिलेली ‘दऱ्या’ दुसऱ्या रीतीच्या ‘दऱ्या’शी जुळत नाही. यातले एकसंध आणि टिंबाचे रूप एक करण्याचे काम युनिकोडची प्रमाणीकरणाची ठरलेली प्रक्रिया करते आणि ती बहुतेक मोठ्या प्रोग्रॅमिंग भाषांसाठी तयार मिळते. अदृश्य जोडचिन्हाचे रूप मात्र तिच्या कक्षेबाहेर आहे; तेवढा एक नियम आपल्याला वेगळा लिहावा लागतो. कुठवर दुसऱ्याचे वापरायचे आणि कुठून आपले सुरू करायचे, याची इतकी स्पष्ट सीमारेषा क्वचितच दिसते, पण ती दिसण्यासाठी आधी तयार अवजार नीट वाचलेले असावे लागते.

अकारविल्हे यादीचेही असेच आहे. संकेतांच्या क्रमांकानुसार नावे लावली तर ‘क्षीरसागर’ हे आडनाव ‘कोल्हटकर’नंतर आणि ‘खरे’च्या आधी येते, कारण संगणक ‘क्ष’ला पाय मोडलेला क समजतो. ‘ज्ञ’ची नावे ‘ज’च्या शेवटी जातात आणि ‘ळ’ हा ‘ल’च्या मागोमाग येतो. मराठी कोशांच्या परंपरेत मात्र ळ, क्ष आणि ज्ञ हे ‘ह’च्या नंतर येतात. भाषावार असे क्रमाचे नियम नोंदवून ठेवणारा सीएलडीआर हा सामाईक संग्रह युनिकोड संस्था चालवते आणि आयसीयू तोच वापरते. तरीही शाळांच्या आणि संस्थांच्या सॉफ्टवेअरमधून छापलेल्या याद्यांत क्षीरसागर मधेच बसलेले मी आजही पाहतो.

मग माणसे नव्याने का लिहितात? आळशीपणा हे कारण खासच नाही, कारण नव्याने लिहिण्यात कष्ट जास्त आहेत. माझ्या मते पहिले कारण असे आहे की, दुसऱ्याचा कोड वाचणे हे आपला कोड लिहिण्यापेक्षा अवघड आणि कमी आनंदाचे काम आहे. स्वतः लिहिताना प्रत्येक ओळीचा हेतू आपल्याला ठाऊक असतो. दुसऱ्याची विचित्र दिसणारी ओळ कोणत्या अपघातानंतर लिहिली गेली, हे ठाऊक नसल्यामुळे ती अडगळ वाटते. दुसरे कारण प्रतिष्ठेचे. ‘आयत्या पिठावर रेघोट्या’ हा आपल्याकडे हिणवण्याचा शब्द आहे, आणि दुसऱ्याच्या कामावर आपले काम उभे करणाऱ्याकडे आपण अजूनही काहीशा त्याच नजरेने पाहतो.

अभियांत्रिकी महाविद्यालयांतले शेवटच्या वर्षाचे प्रकल्प पाहा. ‘ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली’ हा विषय पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. प्रत्येक गट ती शून्यापासून लिहितो, तोंडी परीक्षेत दाखवतो आणि जूनमध्ये विसरतो. न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी लिहिलेली आणि जानेवारी २००० पासून वापरात आलेली ‘कोहा’ ही मुक्त प्रणाली आज जगभरच्या, भारतातल्याही कितीतरी ग्रंथालयांत चालते. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ भेट असा आहे. तिच्या मराठी भाषांतरातल्या शंभर ओळी दुरुस्त करणाऱ्या किंवा तिच्या शोधात ‘दऱ्या’ नीट सापडावी म्हणून सुधारणा करणाऱ्या विद्यार्थ्याला आपण पूर्ण गुण देतो का, हा प्रश्न मला शिक्षकांना विचारावासा वाटतो. त्या विद्यार्थ्याला परक्याचा मोठा कोड वाचावा लागेल, अनोळखी माणसांना आपला बदल पटवून द्यावा लागेल आणि तो बदल खरोखरच्या ग्रंथपालाच्या टेबलावर चालेल. पुढे नोकरीत त्याला नेमके हेच करायचे असते.

शिकण्यासाठी पुन्हा लिहिणे वेगळे, आणि त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. छोटा डेटाबेस, छोटा कंपायलर, छोटे संकेतरूपांतर स्वतः लिहून पाहिल्याशिवाय तयार अवजाराची खोली कळत नाही. असा कोड सरावाच्या वहीत राहावा, लोकांच्या पगारपत्रकात जाऊ नये, एवढेच.

नव्याने लिहिण्याचा खरा खर्च लिहिताना दिसत नाही, तो पुढच्या वर्षांत दिसतो. वेळेचे उदाहरण घ्या. भारताची प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे, म्हणून साडेपाच तास मिळवले की झाले, असे कोणालाही वाटेल. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातली घड्याळे तासभर पुढे केली होती, म्हणजे फरक साडेसहा तासांचा होता; जुन्या जन्मपत्रिका तपासणाऱ्या ज्योतिषांना हे चांगले माहीत असते. मुंबईत तर स्थानिक ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत टिकून होती. इतर देशांत सरकारे आजही उन्हाळी वेळेचे नियम बदलत असतात, कधी अगदी थोड्या दिवसांची सूचना देऊन. जगभरचे असे बदल आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केलेल्या एका सामाईक संग्रहात नोंदवले जातात. पॉल एगर्ट अनेक वर्षे त्याची देखभाल करत आले आहेत आणि २०११ पासून तो आयाना या इंटरनेटवरील नावे आणि क्रमांक सांभाळणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली आहे. आपला मोबाईल परदेशात उतरल्यावर बरोबर वेळ दाखवतो तो या संग्रहाच्या जोरावर. ज्याने आपल्या सॉफ्टवेअरमध्ये हे गणित हाताने लिहिले, त्याने जगातल्या प्रत्येक सरकारच्या निर्णयावर आयुष्यभर लक्ष ठेवण्याची जबाबदारी नकळत स्वीकारली. विकतचे दुखणे म्हणतात ते हेच.

पासवर्ड साठवण्यासारख्या गोष्टीत तर हे दुखणे आपल्याला न होता आपल्या ग्राहकांना होते. १९९९ मध्ये नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांनी मांडलेली बीक्रिप्ट ही पद्धत मुद्दाम संथ केलेली आहे, म्हणजे चोरट्याला कोट्यवधी शक्यता पटापट तपासता येऊ नयेत. संगणक वेगवान होत जातील तशी ती आणखी संथ करण्याची सोयही तिच्यात आहे. स्वतःची ‘गुप्त’ पद्धत रचणाऱ्याला बहुधा ती वेगवान असणे हा गुण वाटतो. इथे मी कोणतीही सवलत द्यायला तयार नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अवघ्या ११ ओळींचे एक पॅकेज त्याच्या लेखकाने सार्वजनिक कोठारातून काढून घेतले आणि त्यावर अप्रत्यक्षपणे विसंबलेले असंख्य प्रकल्प उभे राहीनात. शब्दाच्या डाव्या बाजूला मोकळ्या जागा भरण्यासाठी परक्या कोडवर अवलंबून राहायचे का, हा प्रश्न त्या दिवशी अनेकांना पडला. मार्च २०२४ मध्ये त्याहून गंभीर प्रकार उघडकीला आला. एक्सझेड या फाइल आकसणाऱ्या अवजारात, देखभाल करणाऱ्याचा विश्वास हळूहळू मिळवून कोणीतरी चोरवाट पेरली होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकावर प्रवेश करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे खटकले म्हणून ती सापडली. दुसऱ्याच्या कामावर उभे राहायचे तर ते काम कोण सांभाळते, किती एकाकीपणे सांभाळते, आणि आपण त्याच्या मदतीला कधी गेलो का, हेही पाहावे लागते. ११ ओळींचे स्वतः लिहावे. ११ हजार ओळींच्या मागच्या माणसाला आधार द्यावा.

आणि कधी कधी नवे अवजार घडवणे हेच योग्य असते. लिनक्सचा गाभा सांभाळण्यासाठी लिनस टोरवाल्ड्स २००२ पासून बिटकीपर हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे अवजार वापरत होते. २००५ मध्ये त्याचा मोफत परवाना काढून घेण्यात आला. तेव्हा उपलब्ध असलेली मुक्त अवजारे त्यांनी पाहिली, ती इतक्या मोठ्या प्रकल्पासाठी पुरी पडत नाहीत असा निष्कर्ष काढला आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गिट लिहायला घेतले. ही गोष्ट ‘एका माणसाने आठवड्यात सगळे नव्याने केले’ अशी सांगितली जाते, आणि ते मला पटत नाही. तीन वर्षे तसेच अवजार रोज वापरल्यामुळे काय हवे आणि काय नको हे त्यांना नेमके कळलेले होते. गिटच्या अगदी पहिल्या आवृत्तीतही फाइल आकसण्यासाठी झेडलिब आणि मजकुराचा ठसा काढण्यासाठी ओपनएसएसएल या इतरांच्याच लायब्ररी होत्या. नवे फक्त तेवढेच केले, जेवढे कुठे मिळत नव्हते.

देवनागरीच्या बाबतीत मला सर्वांत जवळचे वाटते ते हार्फबझचे उदाहरण. वर्णांपासून जोडाक्षरे घडवण्याचे काम करणारा हा प्रोग्रॅम. त्याचे नाव फारसीतल्या ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाज’ म्हणजे उघडे या शब्दांवरून आले आहे. फ्रीटाइप या फॉन्टविषयक प्रकल्पात लिहिलेल्या कोडची एक प्रत पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीने घेतली होती आणि दुसरी क्यूटी या प्रोग्रॅम बनवण्याच्या साधनसंचाने, आणि दोन्ही प्रती आपापल्या वाटेने वाढत होत्या. एकीत दुरुस्त झालेली चूक दुसरीत तशीच राही. पुढे या प्रती हार्फबझ या नावाखाली एकत्र आणल्या गेल्या, आणि मग बेहदाद एस्फाहबोद यांनी तो कोड पुन्हा नव्याने लिहिला. हेही पुनर्लेखनच, पण जुन्याची प्रत्येक खोड माहीत असलेल्याने केलेले. भारतीय लिप्यांसाठी लिहिताना विकिपीडियातून काढलेल्या शब्दयाद्या, देवनागरीचे सात लाखांहून अधिक शब्द, मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेच्या निकालाशी एकेक करून ताडून पाहिले गेले. आज फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस आणि अँड्रॉइड हाच प्रोग्रॅम वापरतात. त्यामुळे मुंबईच्या ‘एक टाइप’ने मुक्त परवान्यावर दिलेला ‘मुक्ता’ हा फॉन्ट या सगळ्या ठिकाणी सारखाच नीट दिसतो, आणि फॉन्ट घडवणाऱ्यांना अक्षराच्या वळणाकडे लक्ष देता येते.

अवजारात काही कमी असेल तर ते भरून घेण्याची रीतही आहे. ‘ॲप’ आणि ‘बॅट’मधला स्वर मराठीला रोज लागतो, पण ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा नव्हती, लोक ‘अ’वर चंद्र जोडून काम भागवत. २००८ च्या ५.१ आवृत्तीत तो वेगळा संकेत म्हणून आला. जुन्या रीतीने लिहिलेला मजकूर अजून सर्वत्र आहे आणि दोन्ही रूपे आपोआप एक मानली जात नाहीत, म्हणून शोधासाठी हाही एक नियम आपल्याला ठेवावा लागतो.

त्या चौदा वर्षांच्या अंकांसाठी मी शेवटी स्वतःचा कन्व्हर्टर लिहिला नाही. जवळच्याच एका फॉन्टसाठी कोणीतरी लिहून खुला ठेवलेला प्रोग्रॅम शोधला, दोन आठवडे तो फक्त वाचला, त्यात आमच्या फॉन्टचा तक्ता जोडला आणि जिथे रूपांतर चुकत होते ते शब्द वेगळे काढून, दुरुस्तीसह, त्याची देखभाल करणाऱ्यांकडे पाठवले. त्यांनी दोन बदल परत पाठवले, एक मान्य करताना माझ्या कोडमधली चूक दाखवली आणि बाकीचे स्वीकारले. त्यांच्या चाचण्यांच्या यादीत आता ‘मर्त्य’, ‘मूर्ती’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे शब्द आहेत, आणि कोणीही एखादा नियम बदलला की ते तिन्ही पुन्हा तपासले जातात.